ही गोष्ट ताजा कलममध्ये लिहायची नसते

पत्र:

नमस्कार सिस्टरताई,

तुमचं सदर मी आणि माझी जाऊ दोघी वाचतो, पण लिहायची वेळ आपल्यावर येईल असं वाटलं नव्हतं. आम्ही पुण्यात राहतो. सोमवारी मिस्टर ऑफिसातून आले तेच थंडी वाजून, १०२ ताप, अंग नुसतं मोडून गेलेलं, कोरडा खोकला. वाटलं व्हायरल असेल. मंगळवारी डॉक्टरांनी स्वॅब घ्यायला लावला आणि आज बुधवारी संध्याकाळी रिपोर्ट आला, स्वाइन फ्लू. त्यांना टॅमीफ्लू कालच चालू केली होती.

घरात सासूबाई आहेत, वय ६९, शुगर आणि बीपी. त्या म्हणतात आपल्या दारात कधी डुक्कर फिरकलं नाही, हा रोग आला कुठून. त्यांनी सगळ्यांच्या गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधलीये आणि दिवसातून चारदा काढा चाललाय. मुलगी ४ वर्षांची, तिलाही द्यायचा का? तिच्या शाळेत सांगायचं का? सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की बी विंगमध्ये स्वाइन फ्लू आहे, तेव्हापासून मी लिफ्टपाशी गेले की लोक जिन्याने जातात. कामवाल्या मावशींना समोरच्या वहिनींनी परस्पर सांगितलं तिकडे जाऊ नका म्हणून. आणि पुढच्या बुधवारी गणपती! आमचा दीड दिवसाचा, सासरे होते तेव्हापासून कधी चुकला नाही, ४०-५० माणसं येऊन जातात. बसवायचा की नाही? सासूबाई दोन दिवस त्याच्यावरूनच धुसफुसतायत. सगळ्यांच्या टेस्ट करून घेऊ का? काय करू सांगा.

– गोंधळलेली, पुणे

ता.क. मला पाचवा महिना संपत आलाय. काल रात्रीपासून घसा धरलाय आणि कसकस वाटतीये पण ताप ९९.८ च्या वर गेला नाही, धावपळीनं असेल. मेडिकलवाला म्हणाला गरोदरपणात ती गोळी घ्यायची नसते, म्हणून नुसती पॅरासिटामॉल घेतलीये. माझं काही विशेष नाही, घरच्यांचं तेवढं सांगा.

उत्तर:

अगं बाई, तुझं पत्र मी बुधवारी रात्री साडेदहाला वाचलं. नवरा, सासू, मुलगी, काढा, लिफ्ट, मावशी, गणपती, सगळं वाचत वाचत खाली आले आणि ताजा कलमपाशी माझ्या हातातला कप तसाच राहिला. अख्ख्या पत्रात सगळ्यात आजारी पडू शकणारं माणूस कुठलं असेल तर ते तू, आणि ते तू सगळ्यात शेवटी लिहिलंस, तेही "काही विशेष नाही" म्हणून.

तेव्हाच तुला मेलवर तीन ओळी पाठवल्या होत्या, की सकाळची वाट बघ पण दुपारची बघू नकोस, तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन कर, घरात स्वाइन फ्लूचा पॉझिटिव्ह पेशंट आहे हे वाक्य पहिलं बोल. तू गुरुवारी सकाळी नऊला गेलीस, त्यांनी तपासलं, रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर चालू केलं (टॅमीफ्लू म्हणजे तेच, ते कंपनीनं दिलेलं नाव), आणि तुझा उलट मेल आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मंगळवारी रात्री घसा धरला आणि गुरुवारी सकाळी गोळी, म्हणजे छत्तीस तास. हे गणित लक्षात ठेव, आपण परत त्याच्याकडे येणारे. आता बाकीचं सविस्तर लिहिते, तुझ्यासाठी आणि तुझ्यासारख्या ज्या बाकीच्या आहेत ना, ज्या घरातल्या सगळ्यांचं तापमान मोजून थर्मामीटर धुवून ठेवून देतात, त्यांच्यासाठी.

एक आधी सांगते, मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीचशी मेडिसिन वॉर्डात. तेव्हा औषधाचा डोस तुझे डॉक्टर सांगतील तोच, मी सांगते ते कधी धावायचं आणि कधी बसायचं एवढंच.

२००९ चा ऑगस्ट तुला आठवत असेल तर तू शाळेत किंवा कॉलेजात असशील. ३ ऑगस्टला पुण्यात १४ वर्षांची एक मुलगी गेली, भारतातला स्वाइन फ्लूचा तो पहिला मृत्यू, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव जे घाबरलं ते विचारू नकोस. साथीच्या रोगांच्या नायडू हॉस्पिटलबाहेर रांग, मेडिकलमध्ये मास्क संपलेले, जिथे मिळत होते तिथे अव्वाच्या सव्वा भाव, शाळा बंद, थिएटरं बंद, लक्ष्मी रोडवर भर दुपारी सायकल सरळ रेषेत चालवता येईल इतकी शांतता. कापूर-वेलचीची पुरचुंडी तेव्हाचीच बरं का, सासूबाईंनी काही नवीन काढलेलं नाहीये, तेव्हा एसएमएसवरून फिरत होती आता व्हॉट्सॅपवरून फिरते. रुमालावर निलगिरीचं तेल टाकून लोक बसमध्ये बसायचे, सगळी बस सर्दीच्या बामसारखी वासायची.

रांगेत उभे असलेल्यांपैकी बहुतेकांना काहीही झालेलं नव्हतं, नुसती सर्दी, किंवा तेवढंही नाही. आणि ज्यांना खरंच झालं होतं त्यातल्या काही जणी घरी होत्या. आमच्याकडे एक आली होती, सातवा महिना, सव्वीस-सत्तावीसची असेल, आजाराच्या सहाव्या दिवशी. पाच दिवस तिला घराजवळच्या एका दवाखान्यात अँटिबायोटिक बदलून बदलून देत होते, पोटातल्या बाळाला त्रास नको म्हणून फ्लूचं औषध मात्र कुणी दिलं नाही, आणि तीही घरी सांगत होती की मला बरं आहे, कारण घरात नणंदेचं साखरपुड्याचं चाललं होतं. आली तेव्हा एक वाक्य एका श्वासात पूर्ण होत नव्हतं. नखं निळसर. तिचं पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही, तुझ्या हातात आत्ता हे पत्र आहे. पण तुझा ताजा कलम वाचून मला तिचा आवाज आठवला, "सिस्टर, मला तसं काही विशेष नाही होत."

आता का, ते ऐक. गरोदरपणात पोट वर सरकतं, फुप्फुसांना खाली पसरायला जागा कमी पडते, आणि त्याच वेळी शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो कारण श्वास दोघांचा चाललेला असतो. हृदयावर आधीच जादा काम. शिवाय पोटातलं बाळ शरीरानं परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून आपली प्रतिकारशक्ती काही बाबतीत वेगळी वागायला लागते. एरवी चालून जातं सगळं, पण फ्लू फुप्फुसात उतरला की राखीव म्हणून काही शिल्लक नसतं. अमेरिकेत २००९ मध्ये लोकसंख्येत गरोदर बायका साधारण शंभरात एक होत्या पण या फ्लूनं गेलेल्यांत शंभरात पाच. आणि हे दुसरं जास्त महत्त्वाचं: तिथे ज्या गरोदर बायकांची नोंद झाली त्यांच्यात दोन दिवसांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी शंभरातल्या नऊ-दहा जणींना आयसीयू लागलं, चार दिवस उलटून गेल्यावर मिळालेल्यांपैकी पन्नासच्या वर. बाई तशीच, व्हायरस तोच, औषध तेच, फरक काय तो दिवसांचा. म्हणून छत्तीस तास मला एवढे आवडले.

मेडिकलवाल्याचं म्हणशील तर तो वाईट हेतूनं नाही बोलला. गरोदर बाईला काहीही द्यायचं नाही हा आपल्याकडचा सगळ्यांचाच सोयीचा नियम आहे, दिलं नाही की जबाबदारी नाही. पण ही गोळी गरोदर बायकांनी २००९ पासून भरपूर घेतलीये आणि बाळाला त्यानं धोका होतो असं काही दिसलेलं नाही, उलट आईचा जोराचा ताप आणि न्यूमोनिया हा बाळाला खरा धोका. आपल्या केंद्र सरकारच्या सूचनांतसुद्धा गरोदर बायका औषध आधी द्यायच्या यादीत आहेत. मोठ्यांचा नेहमीचा कोर्स ७५ मिलीग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. मळमळेल, उलटीही होईल एखादी, म्हणून पोटात काहीतरी असताना घे, दहीभात चालेल. आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या चार गोळ्या पुढच्या वेळेला ठेवून देऊ नकोस, मला माहितीये आपल्याकडे फ्रिजच्या दारात काय काय ठेवलेलं असतं. ताप आला तर पॅरासिटामॉल चालते, अंगावर काढू नको. ब्रुफेन वगैरे गटातलं मात्र स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही.

सगळ्यांच्या टेस्ट करू का विचारलंस. नको. सरकारनं यासाठी ए, बी, सी असे गट करून ठेवलेत आणि ते कुठल्याही साध्या माणसाला कळतील असे आहेत. ए म्हणजे हलका ताप, खोकला, घसा, अंगदुखी. त्याला टेस्ट नाही, टॅमीफ्लू नाही, घरी बसायचं, एक-दोन दिवसांनी डॉक्टरनं परत बघायचं. बी मध्ये दोन, एक म्हणजे जोराचा ताप आणि घसा फार दुखतोय असा, आणि दुसरा म्हणजे लक्षणं हलकीच पण माणूस नाजूक: गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल, ६५ च्या वरचे, शुगर, दमा, हृदय, किडनी, लिव्हर, कॅन्सर, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असलेले. यांना टेस्ट न करताच औषध. आणि सी म्हणजे ज्याला धाप लागलीये, छातीत दुखतंय, थुंकीत रक्त, गुंगी, बीपी खाली, ओठ-नखं निळी. त्याला टेस्टही आणि ॲडमिटही, लगेच, रिपोर्टसाठी न थांबता. आता तुझं घर बघ. नवरा पहिल्या बी मध्ये. तू, सासूबाई आणि लेक तिघी दुसऱ्या बी मध्ये! चार माणसांत तीन नाजूक, आणि धडधाकट असलेला एकच नेमका आजारी पडला. तर सासूबाई आणि मुलगी यांना आत्ता काही होत नाहीये पण नुसता घसा जरी खवखवला तरी त्याच दिवशी डॉक्टर, दुसऱ्या दिवशी नाही. आणि लक्षणं नसतानाही या दोघींना प्रतिबंधक म्हणून दिवसातून एकदा असं काही दिवस औषध द्यायचं का, हे डॉक्टरांना तू होऊन विचार, कधी देतात कधी नाही, तो त्यांचा निर्णय.

नवऱ्याबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही, खरं सांगते. वेळेत गोळी मिळाली, वय बरं आहे. एकच गोष्ट बघायची. ताप उतरला, दोन दिवस माणूस बरा झाला, चहा मागायला लागला, आणि मग पुन्हा ताप चढला आणि खोकल्यातून पिवळा-गंजलेला कफ, तर ते फ्लूचं नसतं, फ्लूनं दार उघडून ठेवल्यावर मागून आलेल्या जंतूंचं असतं. तिथे अँटिबायोटिक लागतंच, तोवर त्याचा काही उपयोग नाही. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात असेलच कुठेतरी, सेल टाकून चालतोय का बघ. पण मशीनपेक्षा माझी जुनी पद्धत सांगू का, पेशंटला बोलतं कर. एका श्वासात पूर्ण वाक्य बोलला की बरा. हे तुलाही लागू, तू तर मुलीशी दिवसभर बोलतेसच. तुला मात्र अजून दोन जास्तीच्या: बाळाची हालचाल कमी झालीये असं वाटलं किंवा पोटात कळा आल्या, तर फोनवर विचारत बसायचं नाही, जायचं. लहान मुलांचं वेगळं असतं, ती सांगत नाहीत, दूध-पाणी टाकतात, मलूल पडतात, चिडचिड थांबत नाही, पोट आत ओढून श्वास घेतात. आणि मुलीला ताप आलाच तर ॲस्पिरिन अजिबात नाही, फ्लूमध्ये लहान मुलांना त्यानं मेंदूला आणि लिव्हरला धरून बसणारा एक भयंकर आजार होऊ शकतो. पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे.

नवऱ्याला वेगळी खोली द्यायची, खिडकी उघडी. ऑगस्टात डास येतात म्हणशील, येऊ दे, मच्छरदाणी लाव. फ्लू खोकल्या-शिंकेतल्या थेंबांतून एका हातभर-दोन हातभर अंतरात सगळ्यात जास्त पसरतो आणि बाकीचा हातांतून, म्हणजे तो नाक पुसून दाराच्या कडीला हात लावणार आणि तू त्याच कडीला हात लावून डोळा चोळणार. मास्क त्यानं घालायचा, खोलीत कुणी जाणार असेल तेव्हा दोघांनी, आणि जाणारी तू नसावीस! ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं. भांडी साध्या साबणानं घासली की झालं, वेगळी जाळायची-फेकायची नाहीत. टॉवेल मात्र वेगळा. लक्षणं सुरू झाल्यापासून सात दिवस, आणि ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास, यातलं जे उशिरा संपेल तोपर्यंत खोलीत. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस पसरवत असतो, म्हणजे रविवारी तुम्ही सगळे एकत्र जेवलात तेव्हाच जे व्हायचं ते झालेलं असणार, त्याबद्दल स्वतःला कोसत बसू नको. आता तुलाही तेच सात दिवस लागू, तुझे मंगळवारपासून मोज. म्हणजे सासूबाईंचं आणि मुलीचं करायला तिसरं कुणीतरी हवं. जाऊ आहे ना? पत्र दोघी वाचता म्हणालीस, मग ही ओळ तिच्यासाठी: वहिनी, मुलीला आणि सासूबाईंना आत्ता तुमच्याकडे नेऊ नका, त्या कदाचित फ्लू घेऊन येतील, पण डबा रोज पाठवा.

शाळेला सांग. सरळ सांग, घरात फ्लूचा पेशंट आहे, आठवडाभर मुलगी येणार नाही. लपवलंस आणि नंतर कळलं तर जास्त वाईट.

सासूबाईंच्या डुकराच्या प्रश्नावर येते, कारण तो प्रश्न चुकीचा नाहीये आणि त्यांना कुणी नीट उत्तर दिलेलं नाही म्हणून त्या चिडल्यात असा माझा अंदाज. डुकराला पक्ष्यांचा फ्लूही होतो आणि माणसांचाही, त्यामुळे त्याच्या शरीरात दोन-तीन वेगवेगळे व्हायरस एकदम घुसले की त्यांच्या पत्त्यांची पिसणी होते आणि नवाच डाव तयार होतो. २००९ च्या एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत असा एक नवा डाव सापडला, एच१ एन१, त्यात डुकराचे, पक्ष्याचे आणि माणसाचे असे तिन्हीकडचे तुकडे होते. नवा असल्यामुळे बहुतेकांच्या शरीराला ओळखीचा नव्हता, म्हणून जगभर पसरला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली आणि २०१० च्या १० ऑगस्टला संपली म्हणून सांगितलं. पण संपली म्हणजे व्हायरस गेला नाही गं, तो इथेच राहिला, आता दरवर्षी पावसाळ्यात आणि परत थंडीच्या शेवटी येणारा जो फ्लू आहे त्यातलाच एक झाला, २०१५ मध्ये तर परत बरंच झोडपलं त्यानं आपल्याला. म्हणजे डुकराचा संबंध तेव्हाच सुटला. गेली कित्येक वर्षं हा माणसाकडूनच माणसाला होतोय, तुझ्या नवऱ्याला तो ऑफिसच्या एसीत शेजारी खोकणाऱ्या कुणाकडून झाला असणार. नाव तेवढं चिकटलं, आणि नावानंच निम्मी माणसं अर्धमेली होतात. तुझ्या डॉक्टरांनी "इन्फ्लुएंझा ए" एवढंच म्हटलं असतं तर लिफ्टपाशी कुणी जिना धरला नसता.

सासूबाईंना मानमोडीचं विचार. त्यांच्या आजीच्या तोंडून ऐकलं असेल बहुतेक. १९१८ ला फ्लूची जी साथ आली तिला आपल्या खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणायचे, जूनमध्ये मुंबईच्या गोदीत सुरू झाली, मग जरा थंडावली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला जी उलटली ती गावंच्या गावं झोपवून गेली, देशात कोटीच्या वर माणसं गेली त्यात. तोही एच१ एन१ घराण्यातलाच होता. माझी आजी सांगायची की घरात पाणी द्यायला उठणारं माणूस उरायचं नाही, आणि जायची ती म्हातारी नाही, तरणीताठी, विशी-तिशीतली, त्यात पोटुशा बायका जास्त. तिनं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. २००९ ला वॉर्डात उभं राहून मी तेच बघत होते, तेव्हा तिची आठवण आली. फरक एवढाच की आजीच्या वेळेला गोळी नव्हती, लस नव्हती.

काढा आणि पुरचुंडी. पुरचुंडीनं काही होत नाही, बरंही नाही आणि मोठ्या माणसांना वाईटही नाही, बांधू दे सासूबाईंना स्वतःच्या गळ्यात. मुलीच्या गळ्यातली मात्र आजच काढ, कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात आणि चार वर्षांची मुलं गळ्यातलं तोंडात घालतातच. काढा मुलीला नको, तुला नको, कशाकशाची पानं उकळलीत ते मला इथून दिसत नाही. आणि सासूबाईंच्या काढ्यात गूळ आहे का विचार बरं! शुगर असताना दिवसातून चारदा गुळाचा काढा म्हणजे फ्लू यायच्या आधीच शुगर तीनशे. आजारात शुगर अशीही वर जाते, तर घरचं मशीन असेल तर रोज दोनदा तरी बघा आणि आकडे लिहून ठेवा. वाफ घेताना पातेलं कलंडून भाजलेली लहान मुलं मी इतकी पाहिलीत की वाफेचा विषयच मला नको. गरम पाणी, पेज, मुगाचं कढण, झोप. हळदीचं दूध घ्या खुशाल.

सोसायटीचं. लोक जिन्याने गेले तर जाऊ देत, त्यांच्या गुडघ्यांना व्यायाम. एक मेसेज तूच टाक ग्रुपवर, कुणी दुसऱ्यानं कुजबुजण्यापेक्षा: आमच्याकडे फ्लूचा पेशंट आहे, खोलीत आहे, औषध चालू आहे, अमुक तारखेपर्यंत आम्ही बाहेर पडणार नाही, तुमच्यात कुणी गरोदर, लहान मूल किंवा शुगर-दम्याचं असेल आणि घसा खवखवला तर लगेच डॉक्टरकडे जा. एवढंच. विंग सॅनिटाइझ करा, मजला सील करा असल्या मागण्यांना उत्तर देत बसू नको, कोविडपासून काही सेक्रेटऱ्यांना पट्ट्या लावायची हौस आलीये. मावशींचं म्हणशील तर समोरच्या वहिनींचं बोलणं उद्धट पण सल्ला बरोबर आहे. आठवडाभर मावशींना सुट्टी दे, पगार न कापता, त्या तुझ्याकडून निघून अजून चार घरी जातात आणि त्यांच्या घरी कोण आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

आता गणपती. बसवा. ही सदरातली माझी सगळ्यात सोपी ओळ. बुधवारी नवऱ्याला दहावा दिवस असेल, ताप गेलेला असला तर त्यानंच प्राणप्रतिष्ठा करायला काही हरकत नाही. पण माणसं नकोत. चाळीस-पन्नास माणसं, बंद हॉल, पंखा, टाळ्या वाजवत मोठ्यानं आरती म्हणजे व्हायरसला याहून चांगलं आमंत्रण नाही, आणि नवरा बरा झाला तरी तुझा तो नववा दिवस, सासूबाई आणि मुलगी अजून पडायच्या असतील तर त्याच सुमारास पडतील. शिवाय येणाऱ्यांत कुणाची सून गरोदर, कुणाला दमा. व्हिडिओ कॉलवर आरती करा, प्रसादाच्या पुड्या नंतर पाठवा. २००९ ला गणपती २३ ऑगस्टला होते, सगळं पुणं मास्क लावून होतं, तेव्हाही घरोघर बसलेच की. सासूबाईंना हे तू सांगू नकोस, लेकाला सांगू दे खोलीच्या दारातून, आईचं आणि लेकाचं ते बघून घेतील. आणि उकडीचे मोदक या वर्षी विकत. तू ओट्यापाशी दोन तास उभी राहिलेली मला चालणार नाही.

लसीचं शेवटी सांगते कारण आत्ता तिचा उपयोग नाही, अंगात तयार व्हायलाच दोन आठवडे लागतात. पण सगळे बरे झालात की डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी घ्या. तुलाही गरोदरपणात चालते, इंजेक्शनची, मेलेल्या व्हायरसची. नाकात फवारायची जिवंत व्हायरसची असते ती तुला नाही. तू घेतलीस की बाळालाही तुझ्याकडून संरक्षण मिळतं, आणि ते लागतंच कारण बाळाला सहा महिन्यांचं होईपर्यंत ही लस देता येत नाही. मुलीला पहिल्यांदाच देत असाल तर महिन्याच्या अंतरानं दोन डोस. दरवर्षी घ्यावी लागते, कारण व्हायरस रूप बदलत राहतो म्हणून लसही बदलतात. आपल्याकडे पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना मोफत मिळते का तेही चौकशी कर, आपल्या राज्यात अशी सोय केलेली आहे.

गुरुवारी सकाळी पहिली गोळी, म्हणजे सोमवारी रात्री दहावी. ती घेतलीस की मला मेल टाक. ताप किती, श्वास कसा, बाळ हलतंय का, हे वर, पहिल्या ओळीत. घरच्यांचं ता.क. मध्ये लिहिलंस तरी चालेल.

– सिस्टरताई